पावसात पिकअप स्टार्ट होईना, आणि माझे ३७,७०० गेले

लिहायला लाज वाटते खरं तर, बारा वर्षं डिझेल गाडी चालवतोय आणि शाळकरी पोरासारखा फसलो. पण पाऊस अजून संपलेला नाही आणि त्या हायवेवरच्या गॅरेजात रोज कुणाची ना कुणाची गाडी बोनेट उघडून उभी दिसते, म्हणून लिहितोच.

माझी पिकअप २०१३ ची, इंजिनला डिझेल ढकलणारा पंप जुना रोटरी, सेन्सर-बिन्सर काही नाही. पहाटे ३ ला चिपळूणजवळच्या आमच्या गावातून निघायचं, कुंभार्ली घाट चढून कराडला भाजी भरायची आणि दुपारच्या आत खाली यायचं, हा रोजचा धंदा. जुलैत सलग चार दिवस धो धो लागला आणि पाचव्या पहाटे सेल्फ मारला तर नुसतं घर्रर्र... घर्रर्र, जीव नसल्यासारखं, मागून थोडा पांढरा धूर आणि बंद. शेवटी भावाला उठवलं, उतारावर ढकलली, सेकंड गियरला क्लच सोडला तेव्हा लागली. गंमत म्हणजे दुपारी ऊन पडलं की एका सेल्फला स्टार्ट. दुसऱ्या दिवशी पहाटे परत तेच.

आमचा नेहमीचा मेकॅनिक गावी गेलेला, म्हणून हायवेच्या त्या गॅरेजात नेली (नाव लिहित नाही). पोरगा चांगला बोलणारा, शेठ शेठ करत होता. बोनेट उघडलं, दोन मिनिटं बघितलं आणि पहिला प्रश्न काय तर, "शेठ, गाडी पुरातली का?" आता चिपळूणच्या माणसाला पूर म्हटलं की २२ जुलै २०२१ आठवतो, पोटात गोळाच येतो. माझी गाडी त्या दिवशी वर पाटणला अडकलेली होती, पाण्याचा थेंब लागलेला नाही, हे मला पक्कं माहीत असून मी घाबरलो. मग तो म्हणाला, दमट हवा पंपात शिरलीय, पंपाचं हेड गेलं, इंजिनात डिझेल फवारणारे नोझल पण धरले असतील, आत्ता नाही केलं तर घाटात बंद पडेल. घाटात बंद पडेल हे ऐकलं की आमच्यासारख्याचा विषय संपतो.

सहा दिवस गाडी तिथे. तेवढे दिवस दुसऱ्याची गाडी भाड्याने, ते पैसे तर मी धरतच नाही. बिल म्हणून एका चिठ्ठीवर पेनाने लिहून दिलं, पंप काम २२,०००, चार नोझल ९,६००, हीटर प्लग (गार इंजिन लागायला आत ऊब देतात ते) २,६००, मजुरी ३,५००. आणि मी काय अगदीच भोळा नाही, जुने पार्ट मागितले! त्याने हसत हसत चार काळे नोझल पिशवीत घालून दिले, "घ्या शेठ, बघा कसे जळलेत." गाडी घेतली तो दिवस कडक उन्हाचा होता, एका सेल्फला लागली. लागणारच की.

आठ दिवसांनी पाऊस आला आणि पहाटे ३ ला तेच घर्रर्र. फोन केला तर म्हणतो आता स्टार्टरचं आर्मेचर गेलं असेल, ८,५०० लागतील. तिथे माझं डोकं ठिकाणावर आलं.

ढकलून स्टार्ट केली आणि कराडला मार्केटच्या मागे एक म्हातारे ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत त्यांच्याकडे नेली, गाडी बंद न करताच. म्हणाले, "आधी बंद करा, चहा घ्या, इंजिन गार हुद्या." तासाभराने मीटर काढला. बॅटरी १२.५ व्होल्ट, ठीक. मग मला सेल्फ मारायला सांगितलं आणि बॅटरीवर बघितलं तर १०.९, ते पण ठीक, साधारण साडेनऊच्या खाली गेली तर बॅटरीवर संशय घ्यायचा. मग मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी थेट इंजिनच्या ब्लॉकला लावून परत सेल्फ. १.९ व्होल्ट. म्हणाले, "हितं अर्ध्याच्या आत पायजे. तुमचं दोन व्होल्ट वाटंतच मरायल्यात." गाडीखाली घुसले आणि इंजिन ते चासी (गाडीचा सांगाडा) जी जाळीची अर्थिंग पट्टी असते ती दाखवली, हिरवीगार, हात लावल्यावर अर्धी तुटून हातात आली. जंप केबल घेऊन निगेटिव्ह ते ब्लॉक जोडली, सेल्फ मारला, गाडी अशी लागली की मला रडायला आलं. नवीन पट्टी, घासून पुसून ग्रीस लावून, सगळे मिळून ३००.

मी विचारलं काका मग दमट हवेचं काय, तर ते हसायला लागले. डिझेलला ठिणगी कुठे असते? आतली हवा दाबून दाबून एवढी तापते की डिझेल आपोआप पेटतं. दमट हवेत प्लगच्या वायरी ओल्या होऊन अडते ती जुनी पेट्रोल गाडी. डिझेलला इंजिन जोरात फिरलं पाहिजे, हळू फिरलं तर हवा तापत नाही, डिझेल न जळता पांढरा धूर होऊन बाहेर. पहाटे ऑइल घट्ट, इंजिन गार, त्यात दोन व्होल्ट कमी, म्हणून अडायची. आणि रोटरी पंपाचं हेड खरंच झिजलं असेल तर बहुतेक वेळा उलटं होतं, गाडी गरम असताना त्रास देते, कारण गरम डिझेल पातळ होऊन आतल्या आत गळतं. माझी तर दुपारी झकास लागत होती! हे त्या पोराला माहीत नसेल असं मला वाटत नाही. हीटर प्लगचं पण तेच, आमच्या कोकणात पहाटे २४-२५ डिग्री असतं, एवढ्याला माझं इंजिन हीटरशिवाय लागतं.

डिझेल फिल्टरखालचा स्क्रू सैल करून त्यांनी ग्लासात काढलं तर खाली बोटभर पाणी. टाकीच्या झाकणाचं रबर चिरलेलं, पाऊस सरळ आत, शिवाय मी टाकी कायम पावच ठेवतो त्यामुळे रिकाम्या जागेत रात्री ओल धरते ती वेगळी. हे पाणी मात्र खरंच पंप खातं, कारण पंपाला वंगण डिझेलचंच असतं. म्हणजे ज्याने २२,००० चं पंपाचं काम केलं म्हणतो त्याने पंप खाणारं पाणी तसंच आत ठेवलं.

मग काकांनी टॉर्च मारून पंपाचे नट दाखवले. गंज आणि ऑइलचा चिखल जशाच्या तसा. म्हणाले पान्हा लागला की नटाच्या कडा चकाकतात, हे वर्षानुवर्षं कुणी उघडलेलं नाही. नोझलच्या पाइपांचं पण तेच. मी म्हटलं अहो जुने नोझल तर दिलेत मला, पिशवी केबिनमध्येच होती, काढून दिली. त्यांनी एक नोझल डोळ्यासमोर धरला आणि म्हणाले हा तुमच्या इंजिनचा नाहीच. माझ्या इंजिनच्या नोझलला टोकाला बारीक बारीक चार-पाच भोकं असतात आणि हा पिनवाला, एकच भोक, दुसऱ्याच जातीच्या जुन्या इंजिनचा. जुने पार्ट मागा मागा म्हणून सगळे सांगतात, मागितले की मी.

परत त्या गॅरेजात गेलो, नटांचा आणि नोझलचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ दाखवला. आधी आवाज चढवला, मग १९१५ ला, ग्राहक हेल्पलाइनला, त्याच्यासमोर फोन लावला तेव्हा मऊ आला. पण माझ्याकडे पक्कं बिल नाही, चिठ्ठीवर गॅरेजचं नाव सुद्धा नाही हे त्याला पण माहीत होतं. नोझलचे ९,६०० दिले आणि बाकी काम केलंय म्हणून अडून बसला. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही असं नंतर कळलं, पण कागद नाही तर काय दाखवू, शिवाय रोज पहाटे ३ ला निघणारा माणूस तारखांना कधी जाणार, म्हणून सोडलं.

गाडी आता भर पावसात एका सेल्फला लागते. ते चार नोझल अजून पिशवीत आहेत, पडवीत खिळ्याला टांगलेत, कुठल्या बिचाऱ्याच्या गाडीचे आहेत कोण जाणे, आणि त्याला आणखी कुणाचे दिले असतील.