लहान इन्क्युबेटर काही महिने वापरल्यावर: खरी भिस्त दिव्यावरच

टेबलावर मावणारा, पारदर्शक झाकणाचा, पंख्याचा आणि अंडी आपोआप फिरवणाऱ्या ट्रेचा इन्क्युबेटर मी बरेच महिने वापरते आहे. बॅचमागून बॅच त्यात उबवून झाली, कोरड्या हवेतही आणि दमट हवेतही. यंत्र चांगलं आहे, घ्यायला हरकत नाही. पण त्याच्या जाहिरातीत ज्या गोष्टी ठळक असतात त्यांच्यापेक्षा एका साध्या कँडलिंगच्या, म्हणजे अंड्याला उजेड लावून आतलं बघायच्या, दिव्याने मला जास्त पिल्लं दिली, हे आधीच सांगते.

सुरुवात तापमानापासून, कारण तिथेच बहुतेकांचं बिनसतं. पंखा असलेल्या यंत्रात कोंबडीच्या अंड्यांना ३७.५ अंश सेल्सिअस लागतं. पंखा नसेल तर गरम हवा वर साठते, म्हणून अंड्याच्या वरच्या पातळीला अंशभर जास्त ठेवतात. माझ्या यंत्राचा पडदा ३७.५ दाखवायचा, पण ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर आत ठेवून पाहिला तर मधोमध बरोबर आणि कोपऱ्यात कमी. ही तफावत किरकोळ नाही. तापमान सतत कमी राहिलं तर पिल्लं २१ दिवसांनंतरही रेंगाळतात आणि अशक्त निघतात, सतत जास्त राहिलं तर वेळेआधी निघतात आणि बेंबी नीट मिटलेली नसते. ३९ च्या वर काही तास गेलं तर गर्भ दगावू शकतात. मी पडद्यावरचा आकडा थर्मामीटरप्रमाणे जुळवून घेतला, आणि दर तपासणीला कोपऱ्यातली अंडी मध्ये व मधली कोपऱ्यात ठेवते. तेव्हापासून सगळी पिल्लं साधारण एकाच वेळी निघतात.

आता दिवा. यंत्राच्या झाकणावर एक कँडलिंगचं भोक दिलेलं आहे, ते पांढऱ्या कवचाच्या अंड्यांना जेमतेम पुरतं. तपकिरी कवचातून त्याने काहीही दिसत नाही. मी एक प्रखर एलईडी टॉर्च घेतला आणि त्याच्या तोंडावर रबराची कडी बसवली, म्हणजे अंडं टेकवल्यावर बाजूने उजेड सांडत नाही. खोलीत पूर्ण अंधार हवा. अंड्याची बोथट बाजू दिव्यावर टेकवायची, हळूच फिरवायचं, बघून झालं की लगेच परत. एलईडीने अंडं तापत नाही ही मोठी सोय आहे, तरी एकेक अंडं रेंगाळत बघू नये.

तपासणी सातव्या, चौदाव्या आणि अठराव्या दिवशी पुरते. सातव्या दिवशी जिवंत अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रक्तवाहिन्या पसरलेल्या दिसतात, मध्ये एक काळा ठिपका असतो, तो पिल्लाचा डोळा. जरा थांबलं तर तो हलतोही. अ‍ॅरिस्टॉटलने सुमारे २३०० वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की तीन दिवसांनी पांढऱ्यात रक्ताचा ठिपका दिसतो, तेच हृदय, आणि ते धडधडतं. त्या काळी त्यासाठी अंडं फोडावं लागे. आज कवचाला धक्का न लावता जवळपास तेच पाहता येतं, आणि इतक्या बॅच झाल्यावरही मला त्याचं अप्रूप कमी झालेलं नाही.

नुसताच पिवळसर उजेड आणि बलकाची सावली दिसली तर अंडं फलित नाही, किंवा गर्भ अगदी सुरुवातीलाच थांबला. फाटे नसलेली एक लाल कडी दिसली, तर वाढ सुरू होऊन मग गर्भ मेला. अशी अंडी काढायलाच हवीत. उबेत ती नासतात, आत वायू साठतो, आणि फुटलं तर घाण व जंतू शेजारच्या सगळ्या अंड्यांवर उडतात. पण गडद कवचाच्या अंड्याबद्दल सातव्या दिवशी खात्री नसेल तर पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढून चौदाव्या दिवसापर्यंत राहू द्यावं. वास येत नसेल तर घाई नको. चौदाव्या दिवशी जिवंत अंड्याचा बराचसा भाग काळा झालेला असतो, त्यामुळे शंकेला जागा राहत नाही.

दिव्याचा सर्वांत मोठा उपयोग मात्र वेगळाच निघाला: आर्द्रता ओळखण्यासाठी. पुस्तकी आकडे सोपे आहेत, पहिले १८ दिवस ४५ ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७५ टक्के. पण स्वस्त आर्द्रतामापकावर विसंबणं अवघड. तो तपासायची एक खात्रीची रीत आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते पाण्याने नुसतं ओलसर करायचं, मापकासोबत हवाबंद पिशवीत कित्येक तास ठेवायचं. मापकाने ७५ टक्के दाखवायला हवं. माझा बराच भरकटलेला होता.

त्याहून भरवशाची गोष्ट अंड्यातच असते. बोथट टोकाशी हवेची पोकळी असते. कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी उडत जातं तशी ती वाढते. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन साधारण १२ ते १३ टक्के कमी व्हायला हवं, म्हणजे ६० ग्रॅमच्या अंड्याचं सात-आठ ग्रॅम. मी प्रत्येक तपासणीला पोकळीची कड पेन्सिलने आखते आणि मोजकी अंडी वजनकाट्यावर ठेवते. पोकळी लहान राहिली तर यंत्राच्या तळाच्या पन्हळीतलं पाणी कमी करायचं, फार झपाट्याने वाढली तर वाढवायचं. दमट हवेच्या दिवसांत अठरा दिवस तळाची पन्हळ कोरडीच ठेवावी लागली, आणि सूचनापुस्तिकेत मात्र बाराही महिने दोन्ही पन्हळी भरायला सांगितलंय. ते ऐकलं असतं तर पिल्लं आत फुगून, श्वास घ्यायला पुरेशी पोकळी न मिळता मेली असती.

फिरवणाऱ्या ट्रेबद्दल माझी तक्रार आहे. अंड्याच्या एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढून ठेवल्यावर लक्षात आलं की कडेची मोठी अंडी ट्रेसोबत नुसती घसरतात, वळत नाहीत. न वळलेल्या अंड्यात गर्भ आतल्या पापुद्र्याला चिकटू शकतो. अशी अंडी मी हाताने फिरवते, दिवसातून तीनदा किंवा पाचदा. विषम आकडा अशासाठी, की रात्रीचा लांब पल्ला रोज एकाच बाजूवर जाऊ नये.

अठराव्या दिवशी फिरवणं बंद, ट्रे बाहेर, खाली खरखरीत जाळी, आणि झाकण बंद. पाणी बाहेरून नळीने घालता येतं ही या यंत्रातली मला सर्वांत आवडलेली सोय. कारण पिल्लाने कवचाला टोच मारल्यावर झाकण उघडलं तर दमट हवा निघून जाते, पापुद्रा सुकून पिल्लाला आवळतो. टोच मारल्यावर बाहेर यायला १२ ते २४ तास लागणं अगदी स्वाभाविक आहे. तेवढ्यात त्याचं रक्त पापुद्र्यातून परत अंगात येत असतं, उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. घाईने कवच सोलणाऱ्यांच्या हाती रक्ताळलेलं पिल्लू येतं. निघालेली पिल्लं आत राहिली तरी चालतं, त्या बलकावर ती दोन दिवस सहज काढतात. अंग फुलारलं की ३५ अंशांच्या ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या पेटीत, हलवायची.

वीज गेली तर झाकण न उघडता वरून पांघरूण टाकायचं, हवेची भोकं मोकळी ठेवून. खुडूक कोंबडीही चारापाण्यासाठी रोज थोडा वेळ उठतेच. गर्भ थंडावा सोसतो, अति उष्णता सोसत नाही. म्हणून यंत्र खिडकीच्या उन्हात कधीच नको.

सफाई कंटाळवाणी आहे. पिसांचा भुगा पंख्याच्या जाळीत अडकतो, आणि माझ्या यंत्राची जाळी निघत नाही, ब्रशने खरवडावी लागते. नवं घेणाऱ्यांनी आधी हे बघावं: तळ आणि जाळी सुटी होते का, पाणी बाहेरून घालता येतं का, तापमान जुळवायची सोय आहे का. अंडी किती मावतात हा प्रश्न त्यानंतरचा. निघालेल्या पिल्लांत साधारण निम्मे कोंबडे असतात, त्यांचं काय करणार हे अंडी आत ठेवण्याआधी ठरवून ठेवा.