कॅम्पातलं मेडल माउंटिंग: बांधणी चोख, पण पदक तिथून घेऊ नका

एम.जी. रोड, ईस्ट स्ट्रीट, खडकी बाजार, वानवडी. पुण्यात मिलिटरी टेलरिंगची दुकानं या पट्ट्यात मिळतात. गणवेश, बिल्ले, लॅन्यार्ड, बेरे यांच्याबरोबर तिथे मेडल माउंटिंगही, म्हणजे पदकं रिबनसह पट्टीवर बसवून देण्याचं कामही होतं. पूर्वी हे काम नोकरीतल्या लोकांचंच असायचं. आता १९६५ किंवा ७१ ची लढाई पाहिलेले आजोबा आणि त्यांना घेऊन आलेला नातूही काउंटरवर दिसतो. मागणी एकच: "यांची राहून गेलेली मेडलं लावून द्या." हा रिव्ह्यू त्या मागणीपुरता आहे. कुठल्या एका दुकानाचं नाव घेत नाही, कारण माल आणि सवयी सगळीकडे जवळपास सारख्याच आहेत.

बांधणीबद्दल आधी, कारण तिथे या दुकानांना चांगले गुण द्यावे लागतात. पद्धती दोन. स्विंगमध्ये पदकं रिबनला मोकळी लोंबतात, चालताना एकमेकांवर आपटतात आणि काही वर्षांत कडा बोथट होतात. कोर्ट माउंटमध्ये मागे कडक पाठ असते, रिबन तिच्यावरून पदकाच्या मागे खालपर्यंत उतरते आणि पदक टाक्यांनी जागच्या जागी बसतं. जुन्या पदकांसाठी कोर्टच घ्या. रिबन साधारण ३२ मिलिमीटर रुंद, गोल सेवापदक ३५ मिलिमीटरचं. म्हणजे रिबनला रिबन चिकटवून लावली तर पदकं तीन-तीन मिलिमीटर एकमेकांवर चढणारच. चांगला कारागीर ही चढण सगळीकडे सारखी ठेवतो आणि छातीच्या मध्याकडचं, म्हणजे सगळ्यात मानाचं पदक पूर्ण उघडं ठेवतो. पाच पदकांची नुसती रिबनच १६० मिलिमीटर होते. सडपातळ वृद्धाच्या कोटावर त्याहून लांब पट्टी थेट बाहीपर्यंत जाते, म्हणून पाचापुढे एकावर एक दाटून लावायला सांगा. पिनाही बघून घ्या. एका पिनेवर पट्टी पुढे झुकते, दोन हव्यात.

चुका होतात त्या क्रमात. दुकानदार, आणि बरेचदा घरची मंडळीही, पदकं लढायांप्रमाणे लावतात: आधी ६५ ची जोडी, मग ७१ ची. दिसायला सरळ, पण चूक. अधिकृत क्रमात तारे आधी येतात. समर सेवा स्टार १९६५, त्यानंतर ७१ चा 'पूर्वी स्टार' किंवा 'पश्चिमी स्टार', मग रक्षा मेडल १९६५, मग ७१ चं संग्राम मेडल, त्यानंतर सैन्य सेवा मेडल. स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्धापनदिनाचं आणि नऊ आणि वीस वर्षांच्या सेवेची पदकं शेवटाकडे. जनरल सर्व्हिस मेडल १९४७ असेल तर ते या ताऱ्यांच्याही आधी. हा क्रम कागदावर लिहूनच दुकानात जा, तोंडी सांगू नका. दुरंगी रिबनची बाजूही तपासा. महावीर चक्राची रिबन अर्धी पांढरी, अर्धी केशरी असते आणि केशरी बाजू डाव्या खांद्याकडे यायला हवी. उलटी शिवलेली पट्टी फोटोत कायमची राहते.

आता नको तो भाग. हीच दुकानं काचेच्या पेटीतून पदकही काढून देतात. हवं ते, लगेच, हक्काचा कागद न विचारता. याला रेप्लिका म्हणतात, आणि ती विकत घेऊन घरी "मिळाली एकदाची" म्हणणं हीच आमची मुख्य तक्रार आहे. खऱ्या गोल पदकाची कड बोटाने फिरवून बघा. तिच्यावर सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि युनिट कोरलेलं असतं. रेप्लिकाची कड कोरी. दुसरी खूण क्लास्पची. सैन्य सेवा मेडल किंवा जनरल सर्व्हिस मेडलच्या रिबनवर ज्या भागातली सेवा त्या नावाची आडवी पट्टी लागते: जम्मू-काश्मीर, हिमालय, नागा हिल्स वगैरे. दुकानात जी शिल्लक असेल ती लावून देतात. नागा हिल्समधल्या माणसाच्या छातीवर भलताच क्लास्प, हे प्रत्यक्षात दिसतं. रेप्लिकाचा उपयोग एकच: मूळ संच लॉकरमध्ये आहे आणि कार्यक्रमाला घालायला दुसरा हवा आहे. शौर्यपदकाची रेप्लिका तर हक्क नसताना हौस म्हणूनही लावू नये.

खरं पदक रेकॉर्ड ऑफिसकडून, म्हणजे सैनिकांच्या सेवानोंदी ठेवणाऱ्या लष्करी कार्यालयाकडून येतं. न मिळालेलं, पण हक्काचं पदक पहिल्यांदा देण्याचे पैसे पडत नाहीत. मधल्या माणसाने "सेटिंग"चे मागितले तर उठून या. पुण्याच्या माणसाला एक गैरसमज असतो की सगळं काम सदर्न कमांडात होतं. तसं नाही. ज्या रेजिमेंटचा वा कोअरचा सैनिक, तिचं रेकॉर्ड ऑफिस. बॉम्बे सॅपर्सवाले (लष्करी इंजिनिअर) नशीबवान, त्यांचं खडकीतच आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, चिलखती दलाचं अहिल्यानगरला (पूर्वीचं अहमदनगर), सिग्नल्सचं जबलपूरला. नौदलाच्या खलाशांचं काम मुंबईत मानखुर्दला, वायुसैनिकांचं दिल्लीत सुब्रतो पार्कला. अधिकाऱ्यांची कागदपत्रं रेकॉर्ड ऑफिसकडे नसतातच, ती दिल्लीला लष्कर मुख्यालयात.

अर्ज एका पानाचा पुरतो. नंबर (शेवटच्या अक्षरासकट), हुद्दा, नाव, ट्रेड, भरतीची आणि डिस्चार्जची तारीख, कोणत्या काळात कोणतं युनिट आणि कुठे, मागणी असलेल्या प्रत्येक पदकाचं नाव वेगळ्या ओळीत. "माझी सगळी मेडलं द्या" असं लिहिलेल्या अर्जाला "नोंदीप्रमाणे दिलेली आहेत" एवढं उत्तर येऊ शकतं. सोबत डिस्चार्ज बुकाच्या (सेवा संपताना मिळणारं नोंदपुस्तक) सगळ्या पानांच्या स्वसाक्षांकित प्रती, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), माजी सैनिक ओळखपत्र. डिस्चार्ज बुकात पदकांची नोंद असलेलं पान सगळ्यात वर ठेवा. सैनिक हयात नसेल तर मृत्यू दाखला आणि नात्याचा पुरावा. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा.

अर्जात एक गोष्ट स्वच्छ लिहायची: पदक कधीच मिळालं नाही, की मिळून हरवलं. दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत. हरवलेल्याच्या बदली पदकाला पैसे भरावे लागतात, कसं हरवलं ते सांगावं लागतं, चोरी असेल तर पोलिसांचा कागद लागतो. "मिळालं नाही किंवा गहाळ झालं असावं" असं गोलमोल लिहिलं की फाइल दोन टेबलांच्या मध्ये बसते.

मुळात राहून का गेली? लढाईची पदकं लढाईनंतर जाहीर झाली, त्यानंतर ती घडवली गेली, मग नावं कोरली गेली. तोवर माणूस दुसऱ्या युनिटात किंवा गावी. रिबन आधी मिळायची, तीच लावून तो घरी आला आणि पदक जुन्या युनिटच्या पत्त्यावर फिरत राहिलं. लष्करात पदकांचा लाखोंचा अनुशेष साचल्याच्या बातम्याही मध्यंतरी येऊन गेल्या. त्यामुळे हक्क मंजूर झाल्यावरही पदक हातात पडायला वेळ लागतो.

कोणती पदकं सोपी? ज्यांचा हक्क नुसत्या तारखांवर ठरतो ती. २५ व्या वर्धापनदिनाचं पदक १५ ऑगस्ट १९७२ ला सेवेत असलेल्यांना, ५० व्याचं १५ ऑगस्ट १९९७ ला असलेल्यांना. रक्षा मेडलला ५ ऑगस्ट १९६५ रोजी १८० दिवसांची सेवा. ही डिस्चार्ज बुकावरून सिद्ध होतात, आणि बहुतेकांची नेमकी हीच राहिलेली असतात, कारण कोणी मागितलीच नाहीत. तारे अवघड. तिथे युनिट त्या क्षेत्रात होतं आणि सैनिक तेव्हा युनिटसोबत होता, दोन्ही दाखवावं लागतं. रजेवर, कोर्सवर, हॉस्पिटलात असलेल्यांची गाडी इथे अडते. शौर्यपदक अर्ज करून मिळत नाही. ते त्या वेळच्या शिफारशीवर ठरतं. पन्नास वर्षांनी "तुमचं वीरचक्र काढून देतो" म्हणणारा फसवतो आहे.

उत्तर नकारार्थी आलं तर पहिलं कारण नावात शोधा. उत्तरेकडच्या क्लार्कने ज्ञानेश्वरचा ग्यानेश्वर केलेला असतो, वडिलांचं नाव गळालेलं असतं, आडनावाऐवजी गाव लागलेलं असतं. आधार कार्डाप्रमाणे नाही, डिस्चार्ज बुकाप्रमाणे लिहा. दुसरं कारण जास्त कठीण. ज्यांना पेन्शन नाही, त्यांची शीट रोल (सैनिकाची वैयक्तिक सेवानोंद) डिस्चार्जनंतर २५ वर्षांनी नियमानुसार नष्ट केली जाते. लाँग रोल (सगळ्या सैनिकांची थोडक्यात नोंदवही) मात्र ठेवलेला असतो. म्हणून थेट लाँग रोलमधली नोंद आणि पदकाच्या पार्ट टू ऑर्डरची (सैनिकाच्या नोंदीत बदल करणारा लेखी आदेश) प्रत मागा. माहिती अधिकारात ही मागणी दहा रुपयांच्या पोस्टल ऑर्डरवर होते आणि उत्तराची मुदत ३० दिवस. "मेडल का दिलं नाही" असा प्रश्न त्यात विचारू नका. माहिती अधिकारात कागद मिळतो, खुलासा नाही.

अर्ज लिहायला मदत हवी असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा. तिथून तो पुढे पाठवण्याचं पत्रही मिळू शकतं. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं मुख्यालय घोरपडीत युद्धस्मारकासमोर आहे, पण थेट तिथे जायची गरज नाही, कामाची सुरुवात जिल्हा कार्यालयातूनच होते.

पदक आलं की परत कॅम्पात. देताना कडेवरच्या नावाचे फोटो काढून ठेवा आणि पावतीवर नंबर लिहून घ्या, म्हणजे अदलाबदलीचा प्रश्न येत नाही. चमकवून देऊ का, असं विचारतील. नको म्हणा. गोल पदकं तांबं-निकेलची, ब्रासोने घासली की कडेवरची अक्षरं पुसट होतात. कोमट साबणपाणी आणि मऊ फडकं पुरे. फ्रेमवाल्याला गोंद किंवा हॉट ग्लू वापरू देऊ नका, टाके घालायला सांगा. जुनी रिबन विटलेली असली तरी फेकू न देता मागून घ्या. सैनिक गेले असतील आणि कार्यक्रमाला त्यांच्या पत्नी पदकं लावणार असतील, तर ती उजव्या बाजूला लागतात. पिनांची दिशा त्याप्रमाणे ठेवायला सांगा. काम १५ ऑगस्ट, १६ डिसेंबर, १४ जानेवारीचा माजी सैनिक दिन किंवा २६ जानेवारीच्या तोंडावर टाकू नका. त्या आठवड्यात नोकरीतल्यांची गर्दी असते, टाके लांब पडतात आणि पाठीला पुठ्ठा लागतो.