मिरचीचं मलम, आईचा गुडघा आणि माझा डोळा

आईने भिवापूरकडच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडायच्या आवारात, पंचवीस वर्षं मिरचीचे देठ खुडले. आता तिच्या गुडघ्यासाठी डॉक्टरांनी मलम लिहून दिलं. खोक्यावर वाचलं तर कॅप्सेसिन, ०.०२५ टक्के. म्हणजे मिरचीचा तिखटपणाच. आई म्हणाली, "जन्मभर फुकटात आग सोसली, आता तिचेच पैसे दे!"

पहिले चार दिवस नुसती आग. पाचव्या दिवशी ती ट्यूब उकिरड्यावर टाकायला निघाली होती. दिवसातून तीनदा नेमाने लावलं, तेव्हा पंधरवड्याने ठणका उतरला. आता खाली बसून भाजी निवडते. उठताना मात्र खाटेचा पाय धरावाच लागतो.

मिरची लागली म्हणून कातडी भाजत नाही. मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही१ नावाचं बारीकसं दार असतं. तापमान साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ते उघडतं आणि मेंदूला 'भाजलं' अशी वर्दी जाते. तिखटाने तेच दार गारव्यातही उघडतं. शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली ते शोधलं, तेही कॅप्सेसिनच्याच आधाराने. २०२१ मध्ये नोबेल मिळालं. रोज तीच वर्दी देऊन टोकं थकतात, मग ठणक्याची खबरही नीट पोचत नाही. म्हणून चार दिवसांत सोडणाऱ्याच्या वाट्याला फक्त आग येते.

तक्रार आहे ती आतल्या चिठ्ठीची. सगळी इंग्रजी, अक्षर मुंगीएवढं. मी मलमावर गरम पाण्याचा शेक दिला आणि आईने घर डोक्यावर घेतलं. आधीच उघडलेल्या दारावर आणखी ऊन ओतलं की मी! त्याच रात्री पाण्याने हात धुऊन डोळा चोळला. पुढचा तास विचारू नका. आई पदराआड हसत होती. "पान्यानं कुठी जाते रे तिखट? आधी हाताले तेल लाव, मंग साबन." कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. सातऱ्यावरच्या कोणत्याही बाईला हे ठाऊक असतं. चिठ्ठीत ते मराठीत छापायला काय हरकत होती?

मेंथॉलचा बामही घरात आहे. तो थंडीचं दार उघडतो, टीआरपीएम८. बरं वाटतं, पण घटकाभर.

आईचं मत वेगळंच. मलमापेक्षा तुझं चोळणंच गुणाचं, म्हणते. दाब ओळखणारी दारं निराळी, पिएझो. आर्डेम पटापूटियन यांच्या चमूने ती २०१० मध्ये शोधली, नोबेलात त्यांचाही वाटा होता. तिला सांगितलं, तर म्हणाली, "मंग चोळ की."

मलमाला माझे पाचपैकी साडेतीन गुण. दुसरी ट्यूब आणली आहे. हातात प्लास्टिकची पिशवी घालून चोळतो.