हेलसिंकीत हाती वळलेला पीराक्का शोधताना: आठ महिन्यांचा अनुभव

आधी नावाचं बघू. फिनलंडमधल्या या पदार्थाचं नाव कार्यालानपीराक्का, म्हणजे कार्याला या पूर्वेकडच्या प्रदेशातला पीराक्का. फिनिशमध्ये 'ज' लिहून 'य' म्हणतात, हे आम्हाला पाटीवरचं 'कार्जालान' मोठ्यांदा वाचल्यावर दुकानातल्या बाईंनी हसून सांगितलं. पहिल्याच आठवड्यात आमच्या घरी त्याचं 'कार्यालय' झालं. "दोन कार्यालयं गरम कर गं" असं नवरा म्हणाला की भारतातून फोनवर असलेल्या सासूबाई अजूनही बुचकळ्यात पडतात.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते: तळहाताएवढा लांबट गोल, राईच्या (मोहरी नव्हे, गव्हासारखं धान्य) पिठाची पापुद्र्यासारखी पातळ पोळी, तिच्यावर दुधात शिजवलेला मिठाचा गुरगुट्या भात आणि कडेनं मुरड. करंजीची मुरड तोंड बंद करते, ही नुसती कड उचलून धरते. मधला भात उघडाच राहतो आणि भट्टीत त्यावर तपकिरी डाग पडतात. गोड अजिबात नाही. वर मुनावोइ, म्हणजे लोण्यात कुस्करलेलं उकडलेलं अंडं, लावून खायचं.

आम्ही हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पोतल्या मातिन्क्युलाला राहतो. पहिले दोन महिने खाल्ले ते सगळे सुपरमार्केटातले. ते वाईट नसतात, पण कड चामड्यासारखी आणि भात खळीसारखा. इतकं कौतुक ऐकलं ते याचंच का, असं वाटून मी नाद सोडणार होते. त्यात शहराच्या मध्यभागी एका कॅफेत 'कॅसिन्तेह्त्यू' (हाती केलेले) अशी खडूनं लिहिलेली पाटी बघून आत शिरले. ताटलीत आले ते चार पीराक्के एका साच्यातून काढल्यासारखे! चारींच्या मुरडी सारख्या, दोन मुरडींमधलं अंतरही सारखं. दाम मात्र हातच्या कामाचे घेतले. तेव्हापासून पाटी वाचणं बंद आणि कड बघणं सुरू.

उत्तर सापडलं ते हेलसिंकीतल्या हाकानिएमी भागाच्या काउप्पाहाल्लीत, म्हणजे छपराखालच्या मंडईत. मातिन्क्युलाहून मेट्रो न बदलता तिथं उतरता येतं. लाल विटांची ही दुमजली मंडई 1914 सालची. काही वर्षं दुरुस्तीसाठी बंद होती, 2023 मध्ये पुन्हा उघडली. बंदराजवळची जुनी मंडई, वान्हा काउप्पाहाल्ली, तिच्याहूनही जुनी, 1889 ची. दिसायला ती देखणी आहे, पण तिथं पर्यटकांची रेटारेटी असते. हाकानिएमीत पिशवी घेऊन आलेले म्हातारे-म्हाताऱ्या रांगेत दिसतात. मी त्या रांगेवर विश्वास ठेवला आणि पस्तावले नाही. नग मला दोन-तीन युरोच्या घरात पडतो. सुपरमार्केटच्या मानानं महागच.

हातचा कसा ओळखायचा? मुरड बघा. बोटांनी चिमटलेल्या कडेला एक चिमटा मोठा, एक लहान असतो, टोकाशी जरा घाई झालेली दिसते. मग उलटा करून तळ बघा: पातळ हवा, पिठीचे करपट ठिपके हवेत. आणि कड मऊ हवी. इथल्या घरांत भट्टीतून काढल्याबरोबर पीराक्क्यांना लोणी-दुधाचा हात फिरवतात आणि कापडाखाली रचून ठेवतात, आपण पोळ्या फडक्यात गुंडाळतो तशा. वाफेनं राई नरम पडते. ही पायरी गाळली की चामडं.

पाकिटावरच्या नावातही मेख आहे. कार्यालानपीराक्का या नावाला युरोपीय संघात 2003 पासून पारंपरिक पदार्थ म्हणून संरक्षण आहे. ठरलेल्या कृतीत न बसणारा माल 'रीसीपीराक्का', म्हणजे नुसता तांदळाचा पीराक्का, या नावानं विकतात. मला हे चौथ्या महिन्यात कळलं, तोवर निम्मी पाकिटं रीसीचीच आणली होती. अर्थात नाव बरोबर असलं म्हणून तो हातचाच असतो असंही नाही.

कार्यालाचा पदार्थ हेलसिंकीत घरोघरी कसा, याचं कारण युद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धात कार्यालाचा मोठा भाग सोव्हिएत रशियाकडे गेला आणि तिथल्या चार लाखांहून अधिक लोकांना घरंदारं सोडून उरलेल्या फिनलंडभर विखरावं लागलं. त्यांच्याबरोबर पीराक्काही आला. त्याआधी पश्चिमेकडे भाकरीची तऱ्हाच वेगळी होती: वर्षातून मोजक्या वेळा भट्टी लावायची, मधे भोक पाडलेल्या राईच्या चकत्या भाजायच्या आणि काठीला ओवून आढ्याला वाळत ठेवायच्या. पूर्वेकडे भट्टी वरचेवर पेटायची, म्हणून तिथं ताजं भाजण्याचे इतके प्रकार. भातही नंतरचा. जुनं सारण जवाचं, बटाट्याचंही असे. जवाचा मिळाला तर सोडू नका, त्याला दाताखाली काहीतरी लागतं.

सर्वांत उत्तम पीराक्का मात्र मंडईतला नव्हे. नाताळाच्या आधी शाळा, चर्च, महिला मंडळं यांचे 'म्युय्यॅइसेत' भरतात, म्हणजे हातच्या वस्तूंची विक्री. आमच्या वसाहतीजवळच्या अशा विक्रीत एका आजींनी बारा पीराक्के वर्तमानपत्रात बांधून दिले, तेही गरम. अर्ध्या तासात त्यांचं टेबल रिकामं झालं होतं. उशिरा जाल तर लोकरी मोजेच मिळतील.

घरी करून पाहिला का? पाहिला. भात जमला, जाडा गोल तांदूळ दुधात तासभर मंद शिजवायचा, तळाला लागू द्यायचा नाही, यात आपल्याला शिकायचं काही नाही. पोळी नाही जमली. राई भाकरीच्या पिठासारखी फाटते, म्हणून थोडा गहू घालतात, तरी ती जाडच राहिली. इथलं लाटणं, पुलिक्का, बारीक आणि बिनमुठीचं असतं. ते आणलं, तरी हात माझाच. ओव्हन 275 अंशांवर ठेवल्यावर धुराचा गजर वाजला तो वेगळा.

शोधात आणखी दोन गोष्टी हाती लागल्या. कुओपिओकडचा कालाकुक्को, म्हणजे राईच्या जाड पावात मुइक्कू हे लहान मासे आणि डुकराची चरबट पट्टी भरून तासन्‌तास भाजलेला गोळा. काटेसुद्धा मऊ होतात. नवरा मालवणचा, त्याला आवडला. मला एक काप पुरे. आणि सुल्त्सिना: राईची तव्यावर भाजलेली पातळ पोळी, आत रव्याची गरम दुधाळ लापशी, घडी घालून. ती खाताना मी गप्प झाले. पोळीत शिरा गुंडाळून डब्यात देणारी आई फक्त आमचीच नव्हे तर!

गरम करायला मायक्रोवेव्ह वापरू नका, कड वातड होते. मी बिडाच्या तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर करते, तळ कुरकुरतो आणि भात नुसता कोमट होतो. मुनावोइत बारीक हिरवी मिरची घातली तर कोणी पोलिसात देत नाही. लसणाची कोरडी चटणीही चालते, पण अगदी चिमूटभर, नाहीतर राईची आंबूस चव मरते. घाईच्या दिवसांसाठी फ्रीजरमध्ये कच्चे गोठवलेले ठेवते. तयार पाकिटापेक्षा ते बरे, भाजल्यावर लोण्याचा हात आपण फिरवायचा आणि फडकं टाकायचं.

शनिवारी हाकानिएमीला सकाळी लवकर जा. मी मागच्या खेपेला दुपारी पोचले, तर जवाचे संपले होते आणि भाताचे तीनच उरले होते.