गोदूताई वसाहतीतलं घर, 18 वर्षं राहून लिहितेय

माझ्या मावशीला सोलापूरजवळ कुंभारीला रे नगरला, म्हणजे कामगारांच्या नव्या वसाहतीत, घर लागलंय आणि ती रोज फोन करून विचारते की कुंभारीला राहणं जमतं का गं, शहरापासून लांब पडतं म्हणायलेत सगळे, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते, तिच्यासारख्या अजून कुणाला पण उपयोग होईल.

आम्ही आधी सोलापूरच्या पूर्व भागात भाड्याने राहायचो, पत्र्याची एकच खोली आणि माणसं सहा. अम्मा त्यातच मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची, तंबाखूची धूळ अंथरुणात, ताटात, आमच्या दप्तरात सगळीकडं असायची. अक्कलकोट रोडला कुंभारीजवळ कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहत झाली, विडी कामगार बायकांसाठी 10,000 घरं, 2006 ला पंतप्रधान मनमोहन सिंग येऊन गेले, त्यातलं एक आमचं. केंद्राचे पैसे, राज्याचे पैसे आणि कामगाराचा हिस्सा. अम्माने तिचा हिस्सा भिशी उचलून भरला.

घर छोटंच आहे. खोली, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम, पुढं थोडी जागा. पण घरमालक दर 11 महिन्यांनी खोली खाली करा म्हणायचा ते बंद झालं, आणि कागदावर अम्माचं नाव आहे. तिचं नाव त्याच्या आधी फक्त रेशनकार्डावर आणि विडी कारखान्याच्या ब्रँचच्या पुस्तकात होतं. पहिल्या दिवशी ती आत जाऊन नुसती भिंतीला पाठ टेकून बसली होती, कितीतरी वेळ, मी दहा वर्षांची होते, मला वाटलं बरं नाही तिला.

आता मास्तरांबद्दल, कारण हे घर नरसय्या आडम मास्तरांच्या राजकारणातूनच आलंय, त्यांना सोडून याचा रिव्ह्यू होत नाही. 1978 ला पहिल्यांदा आमदार, मग 1995, मग 2004. मध्ये मध्ये पडले पण लाल बावटा सोडला नाही, मार्क्सवादी कम्युनिस्ट म्हणूनच प्रत्येक वेळी उभे. घरासाठी मोर्चे किती निघाले ते अम्माला विचारा, ती वर्षांवर नाही सांगत, आमच्यातलं कोण तेव्हा कडेवर होतं त्याच्यावर सांगते. मोर्च्याला गेलं की त्या दिवसाची मजुरी बुडायची, हजार विडीमागे पैसे मिळतात, वळल्या नाहीत तर शून्य, तरी बायका जायच्या.

2009 ला सोलापूर शहर मध्य मतदारसंघ झाला आणि तिथून काँग्रेसच्या प्रणिती शिंदे आल्या, 2014 आणि 2019 ला पण त्याच, 2024 ला भाजपचे देवेंद्र कोठे. चारही वेळा मास्तर उभे होते आणि पडले. लोक म्हणतात घरं दिली तरी लोकांनी मतं दिली नाहीत, हे ऐकलं की मला फार लागतं. अहो कुंभारी शहर मध्यमध्ये येतच नाही. ज्या बायका इकडं राहायला आल्या आणि ज्यांची नावं इकडच्या यादीत लागली त्यांच्या मशीनवर मास्तरांचं नावच नसतं, अम्माचं तसंच झालं. म्हणजे या माणसाने स्वतःचे पक्के मतदार स्वतःच्या हाताने मतदारसंघाच्या बाहेर नेऊन बसवले, आणि पडल्यावर थांबले का तर नाही, आमदार नसताना 30,000 घरांचं रे नगर उभं केलं. 9 जानेवारी 2019 ला मोदींच्या हस्ते पायाभरणी, 19 जानेवारी 2024 ला मोदींच्याच हस्ते पहिली 15,000 घरं दिली. पायाभरणीच्या वेळी मास्तरांनी मोदी-फडणवीसांचं कौतुक केलं म्हणून मास्तरांच्याच पक्षाने त्यांना 3 महिने केंद्रीय समितीतून निलंबित केलं होतं. मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही, घरासाठी ज्याच्या हातात सही आहे त्याच्याशी बोलावंच लागतं.

मी घराला 5 पैकी 4 देते. एक कमी केला तो अंतरामुळे. शहरात काम असेल तर जाण्यायेण्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातो, रात्री उशीर झाला तर शेअर रिक्षावाल्याची वाट बघत उभं राहावं लागतं, मी कॉलेजची 3 वर्षं अशीच काढली. पाण्याचं म्हणाल तर सोलापुरात कुठंही राहा, पिंप भरून ठेवायचंच. आणि वर खोली काढायची असेल तर मिस्त्री बघून घ्या, आम्ही ज्याला दिलं त्याने ॲडव्हान्स घेऊन अर्ध्यात सोडलं, दुसऱ्याकडून पूर्ण करून घ्यावं लागलं.

मावशी, तुझं घर वरच्या मजल्यावर आहे आणि तुझे गुडघे दुखतात, तेवढं एक बघ, बाकी ये. मुलांचे दाखले जूनच्या आधी काढ, लाईट मीटर स्वतःच्या नावावर झालंय का ते विचार, आणि मतदार यादीतलं नाव इकडं बदलायचं की तिकडंच ठेवायचं ते काकांना ठरवू देऊ नकोस, तू ठरव.