टेस्टआधीची मांडामांड: स्क्रीनवरून, एपीआयने की थेट डेटाबेसमधून?

नाशिकच्या एखाद्या टीमने कांदा लिलावाचे वेब ॲप बांधले आहे असे धरू, लासलगाव-पिंपळगावच्या बाजार समित्यांत चालते तशा कामासाठी. ब्राउझर टेस्ट (प्रोग्रामनेच ब्राउझर चालवून ॲप तपासणे) एवढीच: १८.४० क्विंटल मालाला १,६५० रुपये क्विंटलचा भाव पडला, तर हिशोबपट्टीवर ३०,३६० रुपये येतात का? तपासायचे पान एकच. पण तिथवर जायला आधी शेतकऱ्याची नोंद हवी, गेटवरची आवक हवी, लिलाव झालेला हवा, काटापट्टी (वजनाची पावती) निघालेली हवी आणि ब्राउझरमध्ये हिशोबनिसाचे लॉगिन हवे. ही मांडामांड कशी करता, यावर टेस्टचा संच टिकतो किंवा कोलमडतो.

स्क्रीनवरून मांडणी

सुरुवातीला सगळे हाच रस्ता धरतात, कारण वेगळे काही लिहावे लागत नाही. फॉर्म भरा, बटण दाबा, पुढे चला. अडचण संख्या वाढली की कळते. एका टेस्टच्या तयारीला २५ सेकंद धरले, तर ४० टेस्टना १,००० सेकंद, म्हणजे सोळा मिनिटांहून जास्त वेळ नुसत्या तयारीत जातो. प्लेराइट या ब्राउझर टेस्टच्या साधनात एका टेस्टची मुदत मुळात ३० सेकंदांची असते. तयारीतच २५ गेले, तर खऱ्या तपासणीला पाच उरतात. मग कोणीतरी मुदत वाढवतो आणि खरोखर अडकलेली टेस्टही तेवढा वेळ लटकत राहते.

वेळेपेक्षा मोठे नुकसान निदानाचे. आवक नोंदीच्या फॉर्मवरचे एक लेबल बदलले की हिशोबपट्टीच्या, पेमेंटच्या, अहवालाच्या सगळ्या टेस्ट एकदम लाल होतात. हिशोबपट्टी बिचारी ठीकच असते. म्हणून स्क्रीनवरून पूर्ण वाट चालणारी टेस्ट प्रत्येक मुख्य प्रवाहासाठी एकच ठेवावी. आवक ते पेमेंट, एक सरळ फेरी, बस्स.

एपीआयने मांडणी

आमच्या मते बहुतेक टीमसाठी मुख्य रस्ता हाच. ॲप स्वतः वापरते त्याच एपीआयला (सर्व्हरशी प्रोग्रामने बोलायच्या दाराला) टेस्टने चार हाका मारायच्या: शेतकरी, आवक, भाव, वजन. प्रत्येकी १५० मिलिसेकंद धरले तर ०.६ सेकंद, म्हणजे वरच्या ४० टेस्टची तयारी २४ सेकंदांत होते. पण वेगापेक्षा महत्त्वाचे असे की डेटा ॲपच्या नियमांतून जातो. वजनाआधी भाव पडलेला असावा हा नियम सर्व्हर पाळतो, त्यामुळे प्रत्यक्षात येऊच शकत नाही अशी स्थिती टेस्टमध्ये तयार होत नाही.

खाचखळगे इथेही आहेत. प्लेराइटमधल्या ‘रिक्वेस्ट’ फिक्स्चरच्या (टेस्टला आयत्या मिळणाऱ्या वस्तूच्या) कुकी, म्हणजे लॉगिनची ओळख ठेवणाऱ्या नोंदी, ब्राउझरपेक्षा वेगळ्या असतात. ‘पेज डॉट रिक्वेस्ट’ मात्र ब्राउझरच्याच कुकी वापरते. हा फरक लक्षात आला नाही तर स्क्रीनवर लॉगिन असूनही एपीआय ४०१ (लॉगिन नाही) का देते, यात दुपार जाते. सेशन कुकीवर चालणाऱ्या ॲपमध्ये सीएसआरएफ टोकनही (विनंती आपल्याच पानावरून आली याची खूण) जोडावे लागते, नाहीतर विनंती नाकारली जाते, अनेकदा ४०३ देऊन. आणि काटापट्टी मागच्या रांगेत, बॅकग्राउंड जॉबमध्ये बनत असेल, तर एपीआय ‘स्वीकारले’ म्हणते तेव्हा पट्टी तयार नसते. तिथे तीन सेकंद थांबा असे लिहू नका. पट्टी मिळेपर्यंत ठरावीक मुदतीत पुन्हा पुन्हा विचारा. ‘एक्स्पेक्ट डॉट पोल’ त्यासाठीच आहे.

थेट डेटाबेसमध्ये

सर्वांत वेगवान, आणि सर्वांत सहज फसवणारा. सीड स्क्रिप्ट (सुरुवातीचा डेटा भरणारी) तक्त्यात ओळी घालते, पण ॲपचा कोड धावत नाही. त्यामुळे कॅशमध्ये जुनेच राहते, शोधाच्या इंडेक्समध्ये नवा शेतकरी सापडत नाही, ऑडिटची नोंद पडत नाही. उद्या तक्त्यात सक्तीचा नवा रकाना आला की सगळ्या स्क्रिप्ट मोडतात. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये १ ते ५० क्रमांक हाताने दिले आणि सीक्वेन्स (पुढचा क्रमांक देणारा मोजक) पुढे सरकवला नाही, तर स्क्रीनवरून भरलेली पहिलीच नोंद ‘डुप्लिकेट की’ म्हणून आपटते. सीडच्या शेवटी तो सरकवणारे ‘सेटव्हॅल’ चालवले की हे मिटते.

तरी याच्याशिवाय न भागणाऱ्या दोन जागा आहेत. एक, न बदलणारा पाया: तालुके, गावे, मालाचे प्रकार, हमाली-तोलाईचे दर. दुसरी, एपीआय बनवूच देणार नाही अशी जुनी स्थिती. ३१ मार्चच्या आधीची, मागच्या आर्थिक वर्षातली थकीत पट्टी हवी असेल, तर तारीख मागे नेऊनच ओळ घालावी लागते. प्लेराइटचे ‘पेज डॉट क्लॉक’ ब्राउझरचे घड्याळ फिरवते, सर्व्हरचे नाही.

साफसफाई कोण करणार?

युनिट टेस्टची (कोडचा एकेक तुकडा तपासण्याची) सवय असलेले लोक डेटाबेसचा व्यवहार (ट्रान्झॅक्शन) उघडायचा आणि शेवटी रोलबॅक करायचा, म्हणजे सगळे बदल मागे घ्यायचे, असे सुचवतात. ब्राउझर टेस्टमध्ये सर्व्हर स्वतःच्या जोडणीवर चालतो, त्याला तुमच्या न मिटलेल्या व्यवहारातल्या ओळी दिसतच नाहीत. रेल्स या वेब फ्रेमवर्कच्या सिस्टिम टेस्टमध्ये (त्याच्या ब्राउझर टेस्टमध्ये) ५.१ पासून हे जमते, कारण तिथे सर्व्हर त्याच प्रोसेसमध्ये असतो आणि जोडणी वाटून घेतो. ॲप वेगळ्या कंटेनरमध्ये असेल तर नाही. जँगो या दुसऱ्या फ्रेमवर्कच्या ‘लाइव्ह सर्व्हर टेस्टकेस’मध्ये प्रत्येक टेस्टनंतर तक्ते रिकामे होतात आणि मायग्रेशनने (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या स्क्रिप्टने) भरलेली तालुक्यांची यादीही त्यात जाते. दुसरी टेस्ट कारण नसताना पडते ती यामुळे. ‘सीरियलाइज्ड रोलबॅक’ (तो डेटा परत आणणारा पर्याय) चालू करा किंवा तो पाया पुन्हा भरा.

पोस्टग्रेसमध्ये भरलेला डेटाबेस टेम्प्लेट म्हणून ठेवून त्याची प्रत काढणे हा चांगला उपाय आहे. अट एवढीच की मूळ डेटाबेसला त्या क्षणी कोणी जोडलेले नको. ॲपचा कनेक्शन पूल (डेटाबेसशी धरून ठेवलेल्या जोडण्या) उघडा राहिला तर प्रत निघत नाही. आणि समांतर चालणाऱ्या प्रत्येक वर्करला (टेस्ट चालवणाऱ्या प्रोसेसला) वेगळी प्रत द्यायची तर ॲपही तितक्याच वेळा उभे करावे लागते.

एवढे सामान नको असेल तर पुसूच नका. प्रत्येक टेस्टने आपला शेतकरी, आपला वक्कल (मालाचा लॉट) स्वतः बनवावा, नावाला वर्करचा क्रमांक आणि यादृच्छिक शेपूट जोडावे. मग ‘यादीत एकच ओळ आहे’ असे तपासू नये, ‘माझी ओळ आहे’ असे तपासावे. पुसायचेच असेल तर टेस्टच्या आधी पुसा. मध्येच प्रोसेस मेली तर नंतरची साफसफाई कधी धावतच नाही.

लॉगिन

एकदा लॉगिन करून ब्राउझरची स्थिती फाइलमध्ये ठेवायची आणि प्रत्येक टेस्टला ती द्यायची. प्लेराइटमध्ये त्यासाठी ‘स्टोरेज स्टेट’, सायप्रस या तशाच साधनात ‘सेशन’. प्लेराइट कुकी आणि लोकल स्टोरेज जपते, सेशन स्टोरेज जपत नाही. इंडेक्स्ड डीबी (ब्राउझरमधलाच आणखी एक साठा) प्लेराइट १.५१ पासून, तेही सांगितले तरच. लॉगिनचे टोकन या शेवटच्या दोन जागी ठेवणाऱ्या ॲपला हे आधी पाहून घ्यावे लागेल. सायप्रसमध्ये सेशन परत आल्यावर पान कोरे असते, पुन्हा ‘व्हिजिट’ करावे लागते. लॉगिनची ही फाइल कोडसोबत गिटमध्ये टाकू नका, तिच्यात चालू टोकन असते. ॲप एका खात्याला एकच लॉगिन देत असेल, तर प्रत्येक वर्करला वेगळा हिशोबनीस हवा. ओटीपीसाठी चाचणीच्या सर्व्हरवर ठरावीक आकडा ठेवता येतो. तो रस्ता प्रॉडक्शनच्या बिल्डमध्ये असूच नये.

नेटवर्कची उत्तरे खोटी देण्याबद्दल थोडक्यात: एसएमएस, बँक, वजनकाट्याचे यंत्र अशा बाहेरच्या गोष्टींसाठी ठीक. स्वतःच्याच सर्व्हरची उत्तरे खोटी केली, तर ती टेस्ट फक्त पडद्याची राहते.

मराठी ॲपच्या दोन अडचणी

रात्री दोनला आपोआप टेस्ट चालवणारा बिल्ड यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) घड्याळावर असेल तर त्याच्यासाठी अजून कालचीच तारीख असते. आपल्या पहाटे साडेपाचपर्यंत. ‘आजची आवक’ रिकामी दिसते ती त्यामुळे. सर्व्हर आणि ब्राउझर दोघांनाही एशिया-कोलकाता वेळ द्या.

दुसरी अक्षरांची. ‘शेतकऱ्या’मधला ऱ एका कोडनेही लिहिता येतो आणि र अधिक नुक्ता असाही. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधात जुळत नाहीत. सीडमधला मजकूर आणि ॲप साठवते तो मजकूर दोन्ही एनएफसी या एकाच युनिकोड रूपात आणा. आकड्यांचेही तसेच: मराठी लोकेल (भाषा-प्रदेशाची निवड) दिले की ब्राउझर ३०,३६० देवनागरीत लिहितो आणि इंग्रजी अंकांची वाट पाहणारी टेस्ट पडते, हिशोब बरोबर असूनही.

मग कोणी काय घ्यावे?

नवे ॲप, दोन-तीन जणांची टीम: पाया सीडने, बाकी एपीआयने, लॉगिन फाइलने, वेगळी नावे देऊन, काही न पुसता. जुने, सर्व्हरवरच पाने बनवणारे ॲप, ज्याला एपीआयच नाही: त्याच्याच सर्व्हिस कोडला हाक मारणारी एक छोटी कमांड लिहा. सायप्रसमध्ये ती ‘टास्क’मधून चालवता येते. कच्च्या एसक्यूएलवर (थेट डेटाबेसला दिलेल्या आज्ञांवर) शेवटीच या. आणि आधीच स्क्रीनवरून लिहिलेल्या टेस्ट हाती असतील, तर सगळ्या एकदम बदलू नका. तयारीला सर्वाधिक वेळ खाणारी एक घ्या, तिची आवक नोंद एपीआयवर न्या, आठवडाभर चालवा, मग पुढची.