फोनची बॅटरी: सर्व्हिस सेंटर, कोपऱ्यावरचे दुकान की घरचे टेबल?

बाकी सारा फोन ठणठणीत असताना केवळ चार्जिंग दुपारपर्यंत टिकत नाही म्हणून नवा फोन घेणे ज्यांना पटत नाही, त्यांच्यापुढे एकच प्रश्न उरतो: नवी बॅटरी बसवायची कोणाकडून? मी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चौकशी केली, कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याशी बोललो आणि अखेर बॅटरी घरीच बदलली. त्यामुळे माझे मत थोडे एका बाजूला झुकलेले असणार, हे गृहीत धरावे. माझा फोन मधल्या किमतीचा, प्लॅस्टिकच्या पाठीचा अँड्रॉइड आहे, आणि पुढच्या बऱ्याच गोष्टी या पाठीवरच अवलंबून आहेत.

सर्व्हिस सेंटरचे फायदे खरे आहेत. बॅटरी नेमक्या त्याच मॉडेलची मिळते, तिच्यावर काही महिन्यांची हमी असते, पाण्यापासून संरक्षण असलेल्या फोनची कडेची चिकटपट्टी नव्याने लावली जाते आणि जुन्या बॅटरीचे काय करायचे हा प्रश्न आपल्याकडे उरत नाही. फोन वॉरंटीत असेल तर दुसरा विचारच करू नये. बॅटरी फुगून पडदा किंवा पाठ वर उचलली गेली असेल तरीही घरच्या प्रयोगाचा मोह टाळून फोन बंद करावा आणि माहितगाराकडेच सोपवावा.

माझा निर्णय मात्र काउंटरवरच्या एका प्रश्नाने झाला. जॉब शीट भरताना तिथल्या कर्मचाऱ्याने लॉकचा पिन विचारला आणि आतील माहितीची जबाबदारी केंद्राची नाही, तेव्हा शक्यतो फोन रिकामा करूनच द्यावा, असेही सांगितले. बॅटरी बदलण्यासाठी पिन कशाला हवा, याचे समाधानकारक उत्तर मला मिळाले नाही. फोन सुरू होतो का, चार्जिंग चढते का, हे लॉक पडद्यावरही दिसते. ज्या फोनवर बँकेचे ॲप, यूपीआय, ओटीपी येणारे सिम, कार्यालयाचे ईमेल आणि घरच्यांची छायाचित्रे आहेत, तो पिनसह अनोळखी माणसाच्या हाती रात्रभर ठेवणे मला पटले नाही. फोन रिकामा करून देण्याचा पर्याय तर त्याहून जिकिरीचा आहे, कारण परत आल्यावर प्रत्येक बँकेचे ॲप नव्याने जोडायचे, यूपीआयसाठी पुन्हा सिमवरून संदेश पाठवून पडताळणी करायची, व्हॉट्सॲपचा बॅकअप उतरवायचा आणि दोन टप्प्यांच्या सुरक्षेचे संकेतांक देणारे ॲप आधी नीट हलवले नसेल तर त्या खात्यांची दारे स्वतःसाठीच बंद झालेली पाहायची. अर्ध्या तासाच्या कामासाठी हा व्याप मला अवाजवी वाटतो. सॅमसंगच्या अनेक फोनमध्ये मेंटेनन्स मोड आणि पिक्सेलमध्ये रिपेअर मोड असतो. तो चालू केला की आपली माहिती झाकून फोन दुरुस्तीला देता येतो. तुमच्या फोनमध्ये ही सोय असेल तर माझ्या आक्षेपाची धार बरीच कमी होते, हे मान्य करायला हवे.

कोपऱ्यावरच्या दुकानात काम डोळ्यांसमोर होते आणि फोन लगेच हाती येतो. माझी अडचण कारागिराच्या हाताबद्दल नव्हती, बॅटरीबद्दल होती. ‘ओरिजिनल’ म्हणून दाखवलेल्या बॅटरीवर उत्पादनाची तारीख वाचता येत नव्हती, आणि लिथियम बॅटरी न वापरताही कपाटात म्हातारी होत असते. बॅटरी आपण आणून द्यावी आणि त्याने केवळ बसवण्याची मजुरी घ्यावी, असे ठरले तर हा मार्ग वाईट नाही.

घरच्या मार्गाची खरी परीक्षा पाठ उघडताना होत नाही. केस वाळवायच्या यंत्राने कडा कोमट केल्या आणि प्लॅस्टिकची पातळ पिक (फटीत सरकवायची त्रिकोणी चकती) फिरवली की माझ्यासारख्या फोनची पाठ एकेक खटका सोडत निघते. फक्त बोटाच्या ठशाच्या सेन्सरची पट्टी पाठीला जोडलेली नाही ना, हे आधी पाहावे आणि पाठ हिसकू नये. चार्जिंग पंचवीस टक्क्यांच्या खाली आणून फोन बंद केलेला असावा आणि आतला पत्रा काढल्यावर सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवावा. स्क्रू ज्या क्रमाने निघतील तसे कागदावर मांडून ठेवावेत, कारण त्यांची लांबी सारखी नसते आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी पिळला तर मदरबोर्डला इजा होऊ शकते.

कस लागतो तो बॅटरीखालच्या चिकटपट्ट्यांपाशी. पट्टीचे टोक चिमटीत धरून ते जवळजवळ आडवे, संथपणे ओढत राहायचे असते. वर ओढले की ती तुटते. माझ्या फोनमधली पहिली पट्टी चघळलेल्या च्युइंगगमसारखी लांबत अखंड बाहेर आली आणि दुसरी अर्ध्यावर तुटली. अशा वेळी कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोलचे (चिकट सैल करणाऱ्या, लवकर उडून जाणाऱ्या द्रवाचे) काही थेंब सोडून थोडे थांबावे आणि जुन्या प्लॅस्टिक कार्डाने बॅटरी हळूहळू उचलावी. इथे धातूचे हत्यार वापरू नये आणि बॅटरी वाकवूही नये, कारण आतले थर एकमेकांना भिडले तर आग लागते. ही सबुरी ज्याच्यापाशी नाही त्याने हे काम करू नये, असे मला मनापासून वाटते. नवी बॅटरी जोडल्यावर पाठ लावण्याआधीच फोन सुरू करून चार्जिंग, कॅमेरा आणि आवाज तपासून घेतला की पुन्हा उघडण्याची वेळ येत नाही.

बॅटरी निवडताना मी तीन गोष्टी पाहिल्या: नेमका मॉडेल क्रमांक, अलीकडची तारीख आणि भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह व त्याखालचा आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. त्याच आकारात मूळ बॅटरीपेक्षा बरीच जास्त क्षमता छापलेली असेल तर ती घेऊ नये. मोजमाप मी केलेले नाही, पण पूर्वी दुपारच्या जेवणाआधी चार्जर शोधावा लागे आणि आता रात्री झोपतानाही पुरेसे चार्जिंग उरते.

काचेची पाठ पूर्ण चिकटवलेली असेल, तर उष्णतेने ती सोडवताना तडकण्याची भीती मोठी आहे. तिथे मी कदाचित सर्व्हिस सेंटरच निवडेन. आयफोनमध्ये एक्सएस आणि एक्सआरपासून पुढच्या मॉडेलांत बाहेरची बॅटरी बसवली की ती अस्सल असल्याची खात्री पटत नाही, असा संदेश सेटिंगमध्ये दिसतो, आणि फोन पुढे विकायचा असेल तर खरेदीदार त्यावर बोट ठेवणारच. प्लॅस्टिकच्या पाठीचा, वॉरंटी संपलेला फोन असेल आणि एक निवांत दुपार हाताशी असेल, तर मात्र मी घरच्या टेबलाकडेच बोट दाखवेन. काढलेली बॅटरी कनेक्टरवर चिकटपट्टी लावून ई-कचरा संकलनात द्यावी. घंटागाडीत टाकू नये.